शेवटची पंगत

सकाळी सहाच्या सुमारास जळगावच्या मेहरूण तलावाकाठी फिरायला गेलात, तर निवृत्त मंडळींच्या गप्पांना एक ठरलेला क्रम असल्याचं ध्यानात येईल. पहिली फेरी राजकारणाची. दुसरी सोन्याच्या भावाची, कारण हे जळगाव आहे. तिसऱ्या फेरीला अंगात ऊब येते, मफलर सैल होतात आणि मग खरा विषय निघतो. "काय आप्पा, झालं का मोकळं?"

आप्पा नुसतं हो किंवा नाही म्हणत नाहीत. तेवढ्यावर भागणारा हा प्रश्नच नव्हे. रात्री काय जेवलो, त्यावर ताक प्यालो की दूध, जाग किती वाजता आली, पहिला चहा कधी आणि दुसरा कशासाठी, असा सगळा पंचनामा होतो. राजकारणाच्या फेरीत एकमेकांना वाक्य पुरं करू न देणारी हीच माणसं आता माना डोलावत ऐकतात. तिकडे धुळ्यात हेच अहिराणीत चालतं. "पोट साफ व्हयनं का भो?" असं रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला विचारलं जातं आणि उत्तरही तितक्याच खुल्या आवाजात येतं.

खानदेशी माणूस पगाराचा आकडा सांगणार नाही, कापूस किती क्विंटल निघाला हे सांगताना हात आखडेल, पण पोटाचा हिशेब चारचौघांत देईल. गंमत अशी की या हिशेबात मुख्य खातेदारांचं नाव कधीच निघत नाही.

हे खातेदार म्हणजे आतड्यातले जिवाणू. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले रॉन मिलो आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली त्यांची शिरगणती मांडली. सत्तर किलोच्या तरुण माणसाच्या अंगात जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. त्याआधी चाळीसेक वर्षं सगळे छातीठोकपणे सांगत होते की जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट आहेत. तो आकडा १९७२ साली थॉमस लकी नावाच्या शास्त्रज्ञानं अंदाजानं मांडलेला, आणि पुढच्यांनी तो न तपासता एकमेकांच्या वहीतून उतरवून घेतलेला. दहापट नाहीत तर नाहीत, बहुमत तरी त्यांचंच. पण तेही काठावरचं! मिलोंच्या गटानं लिहून ठेवलंय की माणूस एकदा शौचाला जाऊन आला की पारडं त्याच्या बाजूनं फिरूही शकतं. म्हणजे आप्पांना रोज तलावाकाठी जे विचारलं जातं ते साधंसुधं नाही. आज देहात सरकार कोणाचं, असा तो सवाल आहे, आणि त्याला आप्पा देतात तेवढं सविस्तर निवेदन व्हायलाच हवं.

एवढ्या सगळ्यांचं मिळून वजन जेमतेम दोनशे ग्रॅम. पावशेरही भरत नाही.

ही मंडळी आत बसून करतात काय? जेवतात. आणि कधी जेवतात हे समजून घ्यायचं तर खानदेशातली हळदीची पंगत आठवावी. केळीचं पान, त्यावर कुस्करलेली बट्टी, वरण, घोटलेल्या वांग्याची भाजी आणि 'घ्या हो, घ्या हो' म्हणत ओतलेलं तूप. पहिल्या पंगतीला व्याही, पाहुणे, गावचे मानकरी. शेवटच्या पंगतीला आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया, मांडववाले. पातेल्यात जे उरेल ते त्यांचं. आपल्या पोटातही असंच आहे. लहान आतडं ही पहिली पंगत. साखर, पिठूळ भाग, तूप, डाळीतली प्रथिनं यांवर ती ताव मारते आणि हात धुऊन मोकळी होते. तिला जे पचत नाही, म्हणजे धान्याचा कोंडा, उडदाची सालं, कांदा-लसणातल्या काही शर्करा, ते सरकत सरकत मोठ्या आतड्यात जातं. तिथे शेवटची पंगत पानं मांडून बसलेलीच असते. ती या उरल्यासुरल्याला आंबवते आणि त्यातून छोटी छोटी आम्लं तयार करते. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. म्हणजे वाढप्यांनी उरलेलं जेवून वर यजमानाच्या घराची डागडुजीही करून द्यायची! असे वाढपी बाहेर मिळत नाहीत.

मैद्याची बिस्किटं, पांढरा पाव, बाटलीतलं गोड पाणी यांचा निकाल पहिल्याच पंगतीत लागतो. मागे काही उरत नाही. शेवटच्या पंगतीची भूक मात्र तशीच. एका प्रयोगात उंदरांच्या पोटात माणसाच्या आतड्यातले जिवाणू वसवले आणि उंदरांना चोथा नसलेलं जेवण दिलं. मग उपाशी जिवाणूंनी आतड्याचं बुळबुळीत अस्तरच खायला घेतलं. वाढायला कोणी येईना म्हणून मांडवाचं कापड फाडावं, तसं. उंदराला झालं ते माणसाला होईलच असं नाही, पण हळदीच्या मांडवात वाढपी चिडले की काय होतं ते पाहिलेल्या माणसाला यावर विश्वास ठेवणं जड जाऊ नये.

शेवटच्या पंगतीची काळजी निसर्गानं किती आधीपासून घेतलीय हे आईच्या दुधात दिसतं. त्या दुधात काही शर्करा अशा असतात की ज्या बाळाला पचतच नाहीत. थोड्याथोडक्या नव्हे, दुधातलं पाणी सोडलं तर लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल त्यांचाच नंबर. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बायफिडो जातीच्या जिवाणूंसाठी. बाळंतीण बिचारी डिंकाचे लाडू खाऊन दूध करते, आणि त्यातला वाटा पाहुण्यांना जातो. घरात लेक आलीय की लेकीबरोबर जावईही आलेत, हे स्वयंपाक करताना कसं न सांगता कळतं, तसलंच हे.

आता आमच्या स्वयंपाकघराकडे येऊ. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळले की कळणा. त्याची भाकरी रंगानं काळपट, पोटाला दणकट. ठेच्यासोबत दोन खाल्ल्या की माणूस दुपारपर्यंत काही बोलत नाही. पहिल्या पंगतीला हिच्यात जितकं आहे तितकंच शेवटच्या पंगतीलाही आहे. त्यातली एखादी रात्री उरली तर सकाळी आणखी चांगली, कारण शिजलेलं पीठ गार झालं की त्यातला काही स्टार्च असा आवळून बसतो की लहान आतड्याला तो सुटत नाही आणि थेट मागे जातो. शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणाऱ्या आजीला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिला फक्त वाया घालवायचं नव्हतं. आता हीच गोष्ट मोठ्या शहरांतले आहारतज्ज्ञ फी घेऊन सांगतात, आणि ती फी दिलेला नातू गावी येऊन आजीला विचारतो, "आजी, शिळी भाकरी आहे का?" आजीला वाटतं, पोराची नोकरी गेली.

उन्हाळ्यात बिबडे. ज्वारी तीन-तीन दिवस भिजत घालायची. दुसऱ्या दिवशी अंगणात वास येतो, तिसऱ्या दिवशी गल्लीत. मग दळायची, लसूण, मिरची, तीळ घालून मोठ्या पातेल्यात हटवायची आणि शेजारपाजारच्या सगळ्या बाया जमवून गच्चीवर थापायची. खाटेच्या सावलीत बसून राखण करणारी पोरं राखणीपेक्षा ओले बिबडे खाण्यात जास्त तरबेज असतात. हल्ली 'आंबवलेलं म्हणजे जिवाणूंचा खजिना' असं ऐकून काही जण तळलेला बिबडाही औषध म्हणून खातात. त्यांची निराशा करावी लागते. आंबवलेल्या पिठाला उकळी फुटली की त्यातले जिवाणू संपले. बिबडा मरणोत्तर आहे. चवीसाठी खावा, आणि चवीसाठी पुरेसा आहे.

जिवंत मामला ताकाचा. विरजण ही खानदेशात विकत घ्यायची गोष्ट नव्हतीच. शेजारणीशी सहा महिने अबोला असला, तरी विरजण संपलं की मुलाच्या हाती वाटी जायची आणि वाटी भरून यायची. भांडण दोन बायकांचं होतं. दोन घरांच्या जिवाणूंचे संबंध कधीच बिघडले नाहीत. आंबट दुधाची ही महती युरोपात एल्या मेचनिकॉफ यांनी गाजवली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले हे शास्त्रज्ञ. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीच्या कामासाठी. बल्गेरियातले शेतकरी दही-ताकामुळे खूप जगतात असं त्यांच्या मनानं घेतलं आणि तेही रोज आंबट दूध पिऊ लागले. १९१६ साली, ७१ व्या वर्षी ते गेले. त्या काळच्या मानानं वाईट नाही. पण आमच्याकडे ७१ व्या वर्षी माणूस बांधावरून भावाशी भांडत असतो.

आपल्याकडचं संशोधन पाहायचं तर पुणं गाठावं लागतं. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीय आतड्यांवर बरंच काम केलंय. एक नवीन जिवाणू भारतीयांच्या पोटात सापडला, त्याचं नाव मेगास्फेरा इंडिका. २०१२ साली त्यांनी दोन एकत्र कुटुंबं घेतली. एका छपराखाली तीन पिढ्या. त्यांच्या आतड्यातले जिवाणू तपासले, तर वयाप्रमाणे जिवाणूंच्या घराण्यांची प्रमाणं बदललेली. आजोबा, मुलगा, नातू एकाच चुलीवरचं खातात आणि तरी तिघांचं आतून पटत नाही, हे सांगायला एकत्र कुटुंबातल्या सुनेला प्रयोगशाळा लागली नसती. ती म्हणाली असती, मला विचारायचं होतं. भोपाळच्या संशोधकांनीही २०१९ साली तिकडच्या आणि केरळातल्या मिळून ११० निरोगी लोकांची तपासणी केली. धान्य-भाज्यांवर राहणाऱ्या भोपाळकरांच्या पोटात प्रेव्होटेला नावाच्या जिवाणूची चलती निघाली. रावेर ओलांडलं की मध्य प्रदेशच, तेव्हा आमच्या पोटातही त्याचेच सोयरे असावेत असं म्हणायचा मोह होतो. तपासल्याशिवाय म्हणू नये. आणि तपासायचं म्हणजे डबी द्यावी लागणार. तोंडी तासभर सांगणारे आप्पा डबी म्हटल्यावर लाजतात.

या सगळ्या वस्तीवर आम्ही अधूनमधून नांगर फिरवतो. सर्दी झाली, घसा धरला की औषधाच्या दुकानात जायचं आणि "मागच्या वेळी दिली होती ना, ती लाल-पिवळी" असं म्हणून अँटिबायोटिक आणायचं. पाकिटावर लाल रेघ असते, तिचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये असा आहे. आमच्याकडे ती गोळी जोरदार असल्याची खूण मानतात. सर्दी विषाणूची, गोळी जिवाणूंवरची. विषाणूला काही होत नाही, पण आत शांतपणे उडदाची सालं खात बसलेले गरीब लोक मारले जातात. त्यांची वस्ती पुन्हा बसायला आठवडे लागतात, कधी महिने, आणि काही घराणी परत येतच नाहीत. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फ्रीजवरच्या टोपलीत पडतात, पुढच्या पाहुण्याच्या सर्दीसाठी. मग पोट बिघडतं, की त्याच दुकानातून जिवाणूंच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या येतात. मारायचे पैसे वेगळे, वसवायचे वेगळे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली सगळा पुरावा चाळून सांगितलं की बहुतेक पचनविकारांत ही प्रोबायोटिकं सरसकट द्यावीत इतका आधार नाही. काही मोजक्या ठिकाणी उपयोग आहे, तो डॉक्टर बघतील. दुकानाच्या काउंटरवर मात्र एवढं बारीक बोलायला कोणाला वेळ आहे!

एका बाबतीत जिवाणूंनी खानदेशावर उपकार केलेत. जठरातल्या अल्सरचा आळ वर्षानुवर्षं तिखटावर आणि चिंतेवर होता. दोंडाईचा-नंदुरबारच्या मिरचीचा पट्टा म्हणजे आरोपींचं माहेरघरच. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आहे. कोणी ऐकेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ साली त्या जिवाणूंचा रस्सा स्वतः पिऊन टाकला आणि काही दिवसांत जठर सुजवून घेतलं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. मिरची निर्दोष सुटली. ही बातमी खानदेशात पोचल्यावर शेवभाजीवरची तर्री एक बोट वाढली, असं म्हणतात. ते काही खरं नाही. जागाच नव्हती.

केळ्याचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. रावेर-यावलच्या प्रत्येक घरात केळ्यावरून दोन तट. एक म्हणतो केळं बांधतं, दुसरा म्हणतो केळं सोडवतं. दोघांकडे अनुभवी साक्षीदार आहेत. खरं तर दोघं वेगवेगळ्या दिवसांच्या केळ्यांबद्दल भांडतात. हिरव्या केळ्यात असा स्टार्च भरलेला असतो की जो लहान आतड्याला दाद देत नाही. केळं पिकत जातं तसतशी त्याची साखर होते आणि ती पहिल्या पंगतीतच संपते. बांगलादेशात लांबलेल्या जुलाबांच्या लहान मुलांना शिजवलेलं कच्चं केळं दिलं तेव्हा जुलाब लवकर आटोक्यात आले. शेवटच्या पंगतीनं त्या स्टार्चपासून आम्लं केली, आणि ती आम्लं शोषताना मोठ्या आतड्यानं मीठ-पाणीही ओढून घेतलं. आम्ही मात्र कच्ची केळी ट्रकमध्ये भरून दिल्लीला पाठवतो किंवा वेफर्स करून तळतो, आणि पोट बिघडलं की दुकानात जाऊन उभे राहतो.

थंडीत हे सगळे विषय एकत्र येतात ते भरीत पार्टीला. बामणोदकडची हिरवट पांढरी, कमी बियांची वांगी, शेतातच पऱ्हाट्या पेटवून भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली. कांद्याची पात, लसूण, मिरची, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची पुरी. शेवटच्या पंगतीसाठी याहून मोठी मेजवानी नाही, आणि तिचा आनंद परतीच्या गाडीत काचा बंद असताना कळतो. तो वायू बहुतांशी बिनवासाचा असतो. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, कधी मिथेन. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि त्यांचं प्रमाण एक टक्काही नसतं. एका टक्क्यानं अख्ख्या समाजाचं नाव खराब करणं आपल्याला नवीन नाही.

अशाच एका पार्टीत, यावलकडच्या मळ्यात, नानांच्या पोटदुखीवरून विषय निघाला आणि मी त्यांना मलप्रत्यारोपणाची गोष्ट सांगितली. अँटिबायोटिकांनी आतली वस्ती उठली की कधी कधी क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा गुंड मोकळं रान बघून बळावतो आणि जुलाब काही थांबत नाहीत. नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांना निरोगी माणसाची विष्ठा पाण्यात कालवून, गाळून, नळीनं आत सोडली. १६ पैकी १५ बरे झाले. हा प्रयोग २०१३ साली छापून आला. चीनमध्ये चौथ्या शतकातच गे होंग नावाच्या वैद्यानं असला काढा लिहून ठेवलाय. अमेरिकेत २०२३ पासून याची तोंडानं घ्यायची कॅप्सूलही मिळते.

भरीत खाणाऱ्या मंडळींचे हात थांबले. नानांचा मात्र थांबला नाही. त्यांना व्यवहार दिसत होता. "अन् द्यायची कोनी?"

मी सांगितलं, देणारा धडधाकट हवा. अलीकडे अँटिबायोटिक घेतलेलं चालत नाही. मधुमेह नको, वजन आटोक्यात हवं. एका बाईला तिच्या जाड मुलीची विष्ठा दिली, तर आजार गेला पण पुढच्या सव्वा वर्षात बाईचं वजन १५ किलो वाढलं. त्यामुळेच वाढलं असं कोणी छातीठोक म्हणत नाही, पण दाते निवडणारे तेव्हापासून काटा बघतात. बोस्टनजवळच्या एका मलपेढीत तर शंभर इच्छुकांत तीनसुद्धा पास होत नसत.

नानांनी मळ्यात नजर फिरवली. थोरल्याला साखर. धाकट्याचं पोट त्याच्या आधी गाडीत बसतं. जावई मागच्याच आठवड्यात लाल-पिवळ्या गोळ्या घेऊन बसलेले, आणि ते पास झाले असते तरी नानांनी जावयाचं घेतलं नसतं. पुतण्या तीनदा नापास. शेवटी नजर विहिरीकडे गेली. तिथे सालदार सगळ्यांचं वाढून झाल्यावर आता कुठे जेवायला बसला होता. सडसडीत, पन्नाशीचा, तीन पुऱ्या, वर भाकरी, भरिताचा ढीग, हातात मुळा. दवाखान्याची पायरी त्याला ठाऊक नाही.

"काय रे, देशील का मले?" असं म्हणून नानांनी त्याला सगळा प्रकार समजावून सांगितला. सालदारानं तो शांतपणे ऐकून घेतला, मुळ्याचा तुकडा तोडला आणि म्हणाला, "देतो ना, नाना. पन हमाली-तोलाई नाही कापायची, आधीच सांगून ठेवतो."